एका टिंबाचा संसार

वरणगावच्या फॅक्टरी इस्टेटमध्ये एखाद्या क्वार्टरपुढे ट्रक लागला की न विचारता कळायचं, इथलं कोणीतरी रिटायर झालं. महिनाअखेरीला माणूस गळ्यात हार घालून घरी यायचा, पुढचे काही आठवडे खोकी आणि सुतळ्या जमवण्यात जायचे, आणि मग एका सकाळी ट्रक. असा एक ट्रक माझ्या डोळ्यांपुढून कित्येक वर्षं हललेला नाही. समोरच्या मावशींचं सामान चढत होतं. लोखंडी कपाट आडवं टाकलेलं, त्याच्या पोटात गाद्या. पितळी हंडा, हंड्यात कळशी, कळशीत तांब्या. पाटा उभा करून ठेवलेला, वरवंटा गोणपाटात गुंडाळलेला. आणि सगळ्यांच्या वर, जुन्या लुगड्याच्या घड्यांवर, मांड्यांचं खापर.

मावशी कमरेवर हात ठेवून सगळं बघत होत्या. माझ्या आईला म्हणाल्या, "तीस वर्साचा संसार, अन् एका टरकात मावला वं माय!"

शेजारच्या भाभी कानपूरच्या. त्यांना हसूच आलं. "अरे दीदी, पूरा संसार ट्रक में कैसे आ जाएगा?" त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा डोंगर, समुद्र आणि चंद्रसूर्य ट्रकमध्ये चढत होते. तिसऱ्या क्वार्टरमधून केरळच्या चेची पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी फक्त एकच शब्द ऐकला होता. आईजवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "क्या हुआ? किससे बात करना है?"

मी तेव्हा नववीत होते. चेची असं का विचारतायत, याचा मला उलगडा झाला नाही. मल्याळममध्ये 'संसारम्' म्हणजे बोलणं, हे कळायला पुढची पंधरा वर्षं गेली. पण त्या सकाळी एका शब्दानं तीन बायकांना तीन दिशांना नेलं आणि तिघीही एकाच ट्रककडे बघत होत्या, एवढं मात्र डोक्यात राहिलं. या शब्दाचा नाद मला तिथूनच लागला.

वरणगावात हे घडणं साहजिक होतं. १९६२च्या चीन युद्धानंतर देशात दारूगोळ्याचे जे नवे कारखाने आले त्यांतला एक १९६४मध्ये इथं आला. भुसावळचा त्याच्याही आधीचा, १९४९चा. बंदुकीच्या गोळ्या करणारं हे गाव, त्यामुळे कानपूरचा, जबलपूरचा, बंगालचा, केरळचा माणूस बदलीनं किंवा भरतीनं येऊन पडायचा. जवळ भुसावळ जंक्शन, तिथं रेल्वेचे लोक. इस्टेटच्या फाटकाबाहेर गाव लेवा बोली बोलायचं, जिच्यात केळीची केयी होते आणि जळगावचं जयगाव. फाटकाच्या आत भोंगा वाजला की बारा भाषांची माणसं एकदम सायकलींवर बसायची.

आता शब्दाकडे वळू. 'संसार' लिहिताना आपण पहिल्या अक्षरावर एक टिंब देतो आणि पुढं जातो. सगळी गंमत त्या टिंबात आहे. मराठी माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा त्या टिंबाच्या जागी ओठ किंचित गोल होतात आणि नाकातून एक 'व' निघतो. जवळपास 'सौंसार'. 'संशय', 'संरक्षण', 'सिंह' म्हणून बघा, तोच व ऐकू येईल. जुन्या लेखनात 'संवसार' असं सापडतं आणि शाळेत शिकलेल्या माणसाला ते अशुद्ध वाटतं. ते अशुद्ध नाही. लिहिणाऱ्यानं व्याकरणाला न विचारता कानाला विचारलं, इतकंच.

कानपूरच्या भाभी 'सन्सार' म्हणायच्या. जीभ वर टेकली, स्वच्छ न आला. बंगाली माणूस टिंबाचा ङ करतो आणि दोन्ही स-चे श करतो, म्हणजे 'शोंग्शार'. दक्षिणेत ओठ मिटतात, 'सम्सारम्'. एकाच टिंबात व, न, ङ, म हे चौघेही गुण्यागोविंदानं राहतात आणि कागदावर कोणाचाच पत्ता लागत नाही. मला आपला उच्चार जास्त आवडतो, हे कबूल करते. बाकीच्या ठिकाणी शब्द मध्येच क्षणभर अडतो, जीभ कुठंतरी टेकते किंवा ओठ बंद होतात. मराठीत तो अडतच नाही. 'सं'मधून 'सा'मध्ये वाहत जातो.

आणि वाहत जाणं हाच त्याचा मूळ अर्थ. सम् अधिक सृ. सृ म्हणजे जाणं, सरणं, वाहणं. सरिता त्यातलीच, प्रसार त्यातलाच, 'अमुक अनुसार' मधला अनुसारही त्यातलाच. आणि अभिसार! अभिसार आणि संसार हे एका धातूची लेकरं आहेत हे कळलं त्या दिवशी मी एकटीच बराच वेळ हसत होते. एक रात्री चोरपावलांनी घराबाहेर पडतो, दुसरा सकाळी उठून दूध तापवतो. आईबाप एकच.

संस्कृतातला संसार म्हणजे या जन्मातून त्या जन्मात न थांबता वाहत राहणं. बौद्ध, जैन, वेदान्ती, तिघांची आपसांत कितीही भांडणं असोत, या प्रवाहातून बाहेर पडायचं आहे यावर तिघांचं एकमत होतं. जैन तत्त्वज्ञान जिवांचे मुळात दोनच भाग करतं, संसारी आणि मुक्त. दीक्षा घेतलेल्या साधूंचं आधीचं नाव सांगताना जैन मंडळी आजही 'संसारी नाव' असं म्हणतात. म्हणजे जे मागे सोडलं ते.

मग मराठीनं काय केलं? मराठीनं हा संसार मांडला.

क्रियापद नीट बघा. आपण काय काय मांडतो? पाट मांडतो, पंगत मांडतो, चूल मांडतो, पूजा मांडतो, डाव मांडतो, गणित मांडतो. मांडायची गोष्ट हाताची असते. ती उचलून एका जागी, विचार करून, दुसऱ्या गोष्टीशेजारी ठेवायची असते. जे मुळात वाहणारं होतं ते मराठीनं हातात धरून जमिनीवर ठेवलं. नदी उचलून माठात भरल्यासारखं. कधी आपण संसार थाटतो, म्हणजे त्यात थोडी हौस आली. मग तो करतो. करता करता रेटतो, ओढतो. नीट झाला तर नेटका. बिनसला तर विस्कटतो, मोडतो. कोणीतरी येऊन सावरतं. हे सगळं वस्तूंचं होतं, कल्पनेचं होत नाही. मोक्ष कोणी विस्कटलेला ऐकिवात नाही.

म्हणूनच मराठी वर्तमानपत्रात संसार जळतो. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, झोपड्यांना आग लागते, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की संसारोपयोगी साहित्य जळून खाक, चार कुटुंबांचे संसार उघड्यावर. तलाठी येऊन पंचनामा करतो. ज्या संसाराला ना आदि ना अंत असं शास्त्रकार म्हणाले, त्याची किंमत त्या कागदावर रुपयांत लिहिली जाते आणि खाली पंचांच्या सह्या होतात. 'संसारोपयोगी साहित्य' या जोडशब्दाची मला फार मौज वाटते. सामुदायिक विवाहात नवऱ्या-नवरीला तेच देतात, पाच पातेली, ताटं-वाट्या, कुकर, परात. संन्यासोपयोगी साहित्याची यादी मात्र कुठं छापलेली नाही. छापली तर दंड, कमंडलू आणि छाटी, तीन ओळींत संपेल.

आमच्या घरी आईच्या आंदणातली एक परात आहे. तिच्या काठावर आजोबांचं नाव, आईचं नाव आणि तारीख कोरलेली. भांड्यांच्या दुकानात हे काम करणारा माणूस बसलेला असे, टकटक करत एकेक ठिपका पाडत अक्षर उभं करायचा. रेघ नसतेच, नुसते ठिपके. इतक्या वर्षांच्या घासण्यानं बरेचसे ठिपके बुजलेत. आईच्या नावातला अनुस्वार आधी गेला, मग काना. तारखेतलं साल अजून वाचता येतं. कणीक मळताना बोटांना तेवढा भाग खरखरीत लागतो.

भाभींच्या हिंदीत या परातीला संसार म्हणता येणार नाही. त्याला 'गृहस्थी' म्हणतात. हिंदीतला संसार म्हणजे जग, सगळं जग. नेपाळीतही तेच. "त्याचा संसार मोडला" हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून हिंदीत नेलं तर नवराबायकोच्या भांडणाचा प्रलय होतो.

आणि यात आणखी एक अदलाबदल आहे. संसाराचा आपल्याकडे एक जुळा भाऊ आहे, प्रपंच. मराठीत दोघंही घरातच राहतात. प्रपंच करणं आणि संसार करणं यांत फरक असलाच तर इतका की प्रपंचात थोडं कीर्तनकाराचं पाणी मिसळलेलं आहे. तेलुगूत आणि कन्नडमध्ये 'प्रपंच' म्हणजे जग आणि 'संसार' म्हणजे घरदार. हिंदीत नेमकं उलट, 'संसार' म्हणजे जग, आणि 'प्रपंच' म्हणजे झमेला, कारस्थान. मधला देश आपला. आपण दोन्ही शब्द घेतले, दोन्ही उंबऱ्याच्या आत आणले आणि जगासाठी 'जग' हा शब्द वेगळा ठेवला. मराठी माणूस घरकोंबडा आहे अशी टीका होते. शब्दकोश टीकाकारांच्या बाजूनं साक्ष देतो.

बंगालीचं तसं नाही. बंगालीनं जग आणि घर हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवले, आणि त्या दुहेरीपणावर सत्यजित राय यांनी एक अख्खा चित्रपट उभा केला. 'अपूर संसार', १९५९. इंग्रजीत त्याचं नाव 'द वर्ल्ड ऑफ अपू' झालं. नाव चुकीचं नाही, पण त्यातली परात हरवली. मराठी प्रेक्षकाला मात्र नावाचं भाषांतर लागतच नाही. अपूचा संसार. बस्स.

तो चित्रपट मी मोठेपणी पाहिला आणि त्यातली एक खोली बघून एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अपूची गच्चीवरची भाड्याची खोली रेल्वेरुळांच्या कडेला आहे. शिट्ट्या, धूर, डब्यांचा खडखडाट. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमचे एक नातेवाईक राहायचे, तिथं गाडी गेली की मांडणीतल्या वाट्या किणकिणायच्या. अपू मित्राच्या नात्यातल्या बहिणीच्या लग्नाला पाहुणा म्हणून जातो, नवरा मुलगा वेडा निघतो आणि त्या मुलीशी, अपर्णाशी, अपूलाच लग्न करावं लागतं. तो तिला त्या खोलीत घेऊन येतो. खिडकीवर फाटका पडदा आहे. नवी नवरी खिडकीशी उभी राहून रडते आणि पडद्याच्या भोकातून खाली बघते. पुढं तीच खोली दिसते तेव्हा खिडकीवर नवा पडदा आलेला असतो आणि फुलझाडाची कुंडी. शेगडी पेटलेली. अपर्णा उठायला जाते तर तिच्या साडीचा पदर अपूच्या कपड्याला गाठ मारलेला. संसार मांडला गेला हे राय एकही शब्द न वापरता सांगतात, पडदा, कुंडी, शेगडी आणि एक गाठ. आपलं 'मांडणे' हे क्रियापद कोणी पडद्यावर दाखवा म्हटलं तर मी हेच दृश्य दाखवीन.

आणि मग अपर्णा बाळंतपणात जाते. अपू सगळं सोडून भटकत सुटतो, लिहिलेल्या कादंबरीचे कागद दरीत उधळून देतो. इथं शब्द गुपचूप उलटा फिरतो. घराचा संसार संपला आणि संस्कृतातला जुना संसार सुरू झाला, नुसतं सरत जाणं. शेवटी मुलाला खांद्यावर घेऊन तो चालू लागतो तेव्हा पुन्हा दोन्ही अर्थ एकत्र येतात, चालणंही आहे आणि घरही आहे, फक्त घर आता खांद्यावर आहे. 'वर्ल्ड' या शब्दाला एवढं ओझं पेलत नाही.

गुजरातीत 'संसार' बराचसा आपल्यासारखाच, त्यामुळे तिथं थांबत नाही. दक्षिणेत थांबायला हवं. तमिळ बोलणारा माणूस "माझी संसारम्" म्हणाला तर तो बायकोबद्दल बोलतोय. आपल्याला हसू येईल, पण हसण्यापूर्वी आपले आजोबा आठवावेत. "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" असं ते म्हणायचे तेव्हा बारा माणसं माहेरी गेलेली नसत, एकटी आजी गेलेली असे. बायकोचं नाव घ्यायचं नाही म्हणून तमिळनं संसाराच्या मागे लपवलं, मराठीनं कुटुंबाच्या मागे, नाहीतर 'मंडळी'च्या मागे.

हा जोड इथंच सुटत नाही. तमिळनाडूच्या दक्षिणेत कोविलपट्टीच्या बाजूला काळ्या मातीचा, कपाशीचा पट्टा आहे. कि. राजनारायणन हे तिथलेच लेखक, त्या मातीची बोली त्यांनी तमिळ साहित्यात आणली, १९९१मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या भागात 'संसारी' म्हणजे शेतकरी. घरदार असलेला, एका जागी रुजलेला, म्हणून शेत कसणारा. आणि आपला 'कुणबी' कुठून आला? 'कुटुंबिन्' पासून. घरदार असलेला, म्हणून शेत कसणारा. दोन भाषा, दोन वेगळे शब्द, पण पावलं एकाच वाटेनं गेली, घरापासून बायकोकडे आणि घरापासून नांगराकडे. मधे शेकडो कोस अंतर, पण माती दोन्हीकडे काळी आणि पीक दोन्हीकडे कपाशी. माझ्यासारख्या खान्देशी बाईला यात मातीचाच हात दिसतो. भाषाशास्त्राचे लोक माझ्याशी सहमत होणार नाहीत, न होवोत.

१९८६मध्ये विसू यांचा 'संसारम् अदु मिन्सारम्' हा तमिळ चित्रपट आला. मिन्सारम् म्हणजे वीज. संसार म्हणजे वीज आहे बाबा, सांभाळून हात लाव. एकत्र कुटुंबात भांडण होतं, घराच्या मधोमध रेघ ओढली जाते, अशी ती कथा. १९८७मध्ये तेलुगूत ती 'संसारम् ओक चदरंगम्' झाली, संसार हा बुद्धिबळाचा पट. त्याच वर्षी हिंदीत आली तेव्हा नाव नुसतं 'संसार'. रेखा आणि राज बब्बर त्यात होते. तमिळला शॉक बसतो, तेलुगू डाव मांडते, आणि हिंदीत नुसता शब्द उरतो, तोही जग या अर्थानं ऐकला जाईल अशा बेतानं उघडा पडलेला. मराठीत कोणी हा चित्रपट केला असता तर तेलुगू नाव जवळचं वाटलं असतं. संसाराचा डाव आपण मांडतोच, आणि भातुकलीत तर तो उजळणी म्हणून आधी मांडून बघतो.

समुद्र ओलांडल्यावर मात्र शब्दाचा चेहराच बदलतो. थाईमध्ये तो 'सोंगसान' झाला. थाई जिभेला शेवटचा र पेलत नाही, त्याचा न होतो. अर्थ काय? कीव येणं, दया येणं. रस्त्यावर थंडीत कुडकुडणारं कुत्र्याचं पिल्लू बघून थाई माणूस 'सोंगसान' म्हणतो. जन्ममरणाच्या फेऱ्यात सापडलेल्या जिवांबद्दल बुद्धानं जी करुणा शिकवली, ती इतकी आत उतरली की फेऱ्याचं नावच करुणेला मिळालं. आपण "बिचारा" म्हणतो तिथं ते संसार म्हणतात.

मलय आणि इंडोनेशियन भाषांत तो 'सेंगसारा'. अर्थ थेट दुःख, हालअपेष्टा. १९२०मध्ये मेरारी सिरेगार यांची एक कादंबरी निघाली, इंडोनेशियातल्या आधुनिक कादंबऱ्यांत अगदी पहिल्या मानल्या जाणाऱ्यांपैकी. नाव 'आझाब दान सेंगसारा', यातना आणि दुःख. 'आझाब' अरबीतून गेलेला, आपल्या उर्दू जाणणाऱ्याला लगेच ओळखू येणारा. 'सेंगसारा' संस्कृतातून गेलेला. आणि कथा? एकमेकांवर जीव असलेल्या दोघांचं लग्न होऊ देत नाहीत, मुलीला दुसऱ्याच्या गळ्यात बांधतात आणि तिचे हाल हाल होतात. म्हणजे विषय नेमका आपण ज्याला संसार म्हणतो तोच. मराठी डोळ्यांनी हे नाव वाचलं की भाषांतराची गरजच उरत नाही. कुठलीही सासुरवाशीण ते नाव वाचून मान डोलावेल.

तर जग, घर, बायको, शेतकरी, बोलणं, कीव, हाल. एवढे तुकडे एका शब्दाचे. वेगवेगळ्या भाषांनी एकेक उचलला. मराठीनं घर उचललं असं मी मघाशी म्हटलं, पण ते पूर्ण खरं नाही. आमच्या भागात हे सगळे तुकडे एकत्र ठेवलेले आहेत, आणि ते ठेवणारी बाई कधी शाळेत गेली नव्हती.

बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८०चा. तेराव्या वर्षी लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य, तीन लेकरं. शेतात राबताना, जात्यावर बसताना ओव्या रचत गेल्या, त्या त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं टिपून ठेवल्या. १९५१मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि १९५२मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. त्यांची संसारावरची कविता महाराष्ट्राला इतकी पाठ आहे की 'मानिनी' चित्रपटात (१९६१) सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात ती ऐकताना अर्धं सभागृह ओठ हलवत असणार.

मी ती इथं उतरवत नाही, गरज नाही. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. बहिणाबाई संसाराला हाक मारतात. एकेरीत. शेजारच्या वात्रट पोराला मारावी तशी. शास्त्रकार, आचार्य, कीर्तनकार हे सगळे संसाराबद्दल बोलतात, तो तिकडे दूर उभा असल्यासारखे. ही बाई त्याच्याशी बोलते. चुलीपुढे बसून, हाताला चटका बसलेला असताना, त्याला समोर बसवून. कवितेत घर आहे, जग आहे, हाल आहेत, कीवही आहे, फक्त स्वतःची नाही. आणि बोलणं तर आहेच. मल्याळी माणसानं ही कविता ऐकली तर तो म्हणेल, यात नवल काय, संसारम् म्हणजे बोलणंच. वैधव्यानंतर ज्या बाईला नवऱ्याशी बोलता येत नव्हतं, ती संसाराशीच बोलत बसली.

वरणगावाहून महामार्गानं पूर्वेला निघालं की मुक्ताईनगर लागतं. पूर्वीचं एदलाबाद. तापीकाठी मेहूणजवळ विजेच्या लोळात मुक्ताबाई गुप्त झाल्या अशी श्रद्धा आहे. आषाढी वारीसाठी तिथून पालखी निघते. मुक्ताबाईंचे वडील विठ्ठलपंत संसार सोडून काशीला गेले, संन्यास घेतला, आणि गुरूंनी सांगितलं म्हणून परत आले. आळंदीत त्यांनी पुन्हा संसार मांडला आणि त्या दुसऱ्या मांडणीत चार मुलं झाली. संन्याशाची पोरं म्हणून गावानं त्यांना वाळीत टाकलं. गावाचं म्हणणं एवढंच होतं की जे वाहतं ते एकदा सोडलं की पुन्हा जमिनीवर ठेवता येत नाही. विठ्ठलपंतांनी ठेवलं. मुक्ताबाईंच्या देवळात गेले की देवीपेक्षा मला तिच्या आईचीच जास्त आठवण येते. नवरा संन्यासी असताना घरात एकटीनं बसलेली रुक्मिणी. त्या वर्षांत तिच्याकडे जे होतं, त्याला मराठीत कुठला शब्द आहे?

ट्रकजवळ त्या दिवशी पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. चेचींना कोणीच नीट समजावलं नाही, त्यांनाही ते फारसं नको होतं. त्या मावशींशी बोलायला लागल्या. अर्धं हिंदी, चिमूटभर लेवा, बाकी हातवारे. तीस वर्षांत उसनं दिलेलं घेतलेलं, कोणाचं बाळंतपण, कुठल्या पावसाळ्यात क्वार्टरमध्ये पाणी शिरलं, कोणाच्या पोराला कुठं नोकरी लागली. भाभी मध्येच "हाँ, हाँ, वो भी" करत होत्या. अर्धा तास झाला. मावशींचे मालक खालून म्हणाले, चला आता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुन्हा दिला.

तिसऱ्या हॉर्नला मावशी केबिनमध्ये चढल्या. चढता चढता मागे वळून हमालाला म्हणाल्या, "खापर पाय रे बापा, त्याले धक्का नको लागू देऊ."